सत्तावीस म्हणजे महाराष्ट्र : संकेतांकांना नावे देण्याचा इतिहास

कोणत्याही दुकानाचे पक्के बिल हातात घ्या. त्यावर दुकानदाराचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला असतो आणि त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. २७ असेल तर महाराष्ट्र, २९ असेल तर कर्नाटक, ३३ तमिळनाडू, १९ पश्चिम बंगाल, ०७ दिल्ली. हे आपल्याला सांगता येते, कारण कोणत्या अंकाचा अर्थ कोणते राज्य हे सांगणारा एक तक्ता कुठेतरी ठेवलेला आहे. २७ या आकड्यात स्वतःहून महाराष्ट्राचे काहीच नाही. तक्ता हरवला की आकडा मुका होतो. तक्ता चुकीचा असेल, तर आकडा खोटे बोलू लागतो. दुसरी अवस्था पहिलीपेक्षा वाईट, कारण मुका आकडा निदान लक्षात तरी येतो.

बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात भेटतो. आलेखाखाली १, २, ३ असे दिसते. तिथे ‘रोख’, ‘उधार’, ‘कार्ड’ असे कसे दाखवायचे? त्याचे उत्तर दोन-तीन क्लिकमध्ये मिळते आणि विद्यार्थी पुढे जातो. प्रश्न मात्र संगणकाहून जुना आहे. या पाठात आपण त्या तक्त्याचा प्रवास पाहणार आहोत : कारकुनाच्या टेबलावरून छापील पुस्तिकेत, पुस्तिकेतून प्रोग्रॅममध्ये, तेथून डेटाच्या शेजारी आणि शेवटी अहवालाच्या पडद्यामागे. प्रत्येक मुक्कामावर दोन गोष्टी विचारत राहू. नाव कोणाच्या ताब्यात आहे? आणि ते बदलले तर जुन्या आकड्यांचे काय होते?

नावाऐवजी आकडा का?

मोजणी करणाऱ्याला शब्द नको असतात, खुणा हव्या असतात. हिंदुस्थानात १९०१ च्या जनगणनेत, हर्बर्ट रिस्ले आयुक्त असताना, चिठ्ठी-पद्धत सुरू झाली. प्रगणकाच्या तक्त्यातील प्रत्येक माणसाची माहिती एका छोट्या चिठ्ठीवर उतरवायची आणि मग चिठ्ठ्यांचे ढीग करून ते मोजायचे, अशी ती रीत. चिठ्ठीचा रंग धर्म सांगे. लिंग आणि वैवाहिक स्थिती खुणांवरून कळे. म्हणजे रंग हाच संकेत होता. कोणता रंग कोणाचा हे कारकुनाला पाठ असे, आणि रोज तेच काम करणाऱ्याला तेवढे पुरे होते.

अमेरिकेत त्याआधी ११ वर्षे, १८९० च्या जनगणनेत, हर्मन हॉलरिथ यांनी हेच काम विजेवर चालणाऱ्या यंत्राकडे सोपवले होते. त्यांच्या कार्डावर भोके पाडायला २८८ जागा होत्या : २४ स्तंभ आणि १२ ओळी. भोक कुठे आहे यावर त्याचा अर्थ ठरे. गंमत अशी की कार्ड स्वतः कोरेच होते. कोणत्या जागेचा अर्थ काय, हे भोके पाडणाऱ्या कारकुनासमोरच्या फळीवर छापलेले असे. फळी बाजूला केली की उरे तो नुसता भोके पडलेला पुठ्ठा. आकडा आणि त्याचे नाव यांची फारकत झाली ती इथे, आणि ती मुद्दाम केलेली होती. यंत्राला नावाची गरज नव्हती. नावाने फक्त जागा अडली असती.

जागेची ही अडचण पुढे नेमकी मोजता येऊ लागली. १९२८ मध्ये आयबीएमने ८० स्तंभांचे कार्ड आणले आणि पुढची कित्येक दशके जगभरातील कचेऱ्यांतील माहिती या ८० घरांत बसवली गेली. अंदमान आणि निकोबार बेटांचे नाव इंग्रजीत पूर्ण लिहायचे तर मधल्या रिकाम्या जागा धरून २७ घरे लागतात, म्हणजे कार्डाचा एक-तृतीयांश भाग. ३५ लिहिले तर दोन घरांत काम होते. अशा वेळी निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्या देशात आकड्याला आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते जागेच्या कारणाहून मोठे आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी-पंडित होते. एकाच नावाची अनेक गावे, त्यांची निरनिराळी स्पेलिंगे, आणि पत्ता मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये, कशातही लिहिलेला. पत्रे निवडणाऱ्या कर्मचाऱ्याने किती लिप्या वाचाव्यात? सहा अंक मात्र कोणालाही वाचता येतात. ४ ने सुरू होणारे पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे जाणार, हे कळायला भाषा लागत नाही. नाव हे नेहमी कोणत्या तरी एका भाषेचे असते. आकडा कोणत्याच भाषेचा नसतो. एक भाषावेड्या माणसाने भाषेविना चालणारी व्यवस्था घडवली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुस्तिका एका कपाटात, कार्डे दुसऱ्यात

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले. खेडोपाडी फिरून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत उतरवायची, तर प्रत्येक आकड्याचा अर्थ सर्वांना एकच माहीत हवा. त्यासाठी संकेतसूची छापली जाई : या प्रश्नाला १ म्हणजे हे, २ म्हणजे ते, ९ म्हणजे ‘इतर’. नाव आता कारकुनाच्या डोक्यातून कागदावर आले. त्यामुळे ते अधिक टिकाऊ झाले, पण डेटापासून मात्र लांब गेले. कार्डे एका खोलीत, सूची दुसऱ्या खोलीत.

या लांबीची किंमत काय असते? याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेत सापडते. ॲन्सली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोघांनी १९६२ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांत त्यांना १४ वर्षांची, तरीही विधुर असलेली मुले अनपेक्षित संख्येने दिसली. काही वयोगटांत मूलनिवासी इंडियन लोकांची संख्याही नको तेवढी वाढलेली होती. समाजात तसे काही घडलेले नव्हते. काही थोडी कार्डे एका स्तंभाने उजवीकडे सरकून भोके पाडली गेली होती. त्यामुळे एका स्तंभातील आकडा शेजारच्या स्तंभात पडला आणि त्याला शेजारच्या स्तंभाचे नाव मिळाले. आकडे खरेच होते, पण सूचीने त्यांना दुसऱ्याचीच नावे दिली, आणि त्यातून अस्तित्वात नसलेले पोरवयातले विधुर तयार झाले. एवढ्या प्रचंड मोजणीत चुकीची कार्डे अगदीच कमी होती. पण १४ व्या वर्षी विधुर झालेली मुले मुळातच इतकी कमी की मूठभर चुकांनीही तो रकाना भरून गेला.

असाच दुसरा घोटाळा ‘माहिती नाही’ या उत्तराचा. वयाच्या दोन घरांत उत्तर न मिळाल्यास ९९ लिहायचे, अशी प्रथा अनेक सर्वेक्षणांत होती. सूची समोर असेल तर ९९ म्हणजे कोरी जागा. सूची नसेल तर ती ९९ वर्षांची म्हातारी माणसे ठरतात आणि सरासरी वय काही कारण नसताना वर चढते.

नाव प्रोग्रॅममध्ये शिरते

१९६० मध्ये कोबोल ही भाषा आली. व्यापारी कामांसाठी बनवलेल्या या भाषेत एक सोय होती. एखाद्या रकान्याच्या खाली ८८ या पातळी-क्रमांकाने लिहून ठेवता येई की किंमत १ असेल तर तिला अमुक नावाने ओळखावे. मग प्रोग्रॅममध्ये ‘रकाना १ असेल तर’ असे न लिहिता ते नावच वापरायचे. सोय चांगली होती, पण ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुरती. छापून येणाऱ्या अहवालात नाव हवे असेल तर ते वेगळे लिहावेच लागे, आणि अहवाल वाचणारा अधिकारी आकडाच पाहत बसे.

वाचणाऱ्याचा विचार आधी केला तो समाजशास्त्राच्या लोकांनी. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट या तिघांनी एसपीएसएस तयार केले. नाय राज्यशास्त्राचे विद्यार्थी होते. मतदारांच्या मुलाखतींचे आकडे हाताळणे हे त्यांचे रोजचे दुखणे. एसपीएसएसमध्ये ‘व्हॅल्यू लेबल्स’ नावाची आज्ञा आहे. लिंग या रकान्यात १ म्हणजे ‘पुरुष’, २ म्हणजे ‘स्त्री’ असे एकदा सांगायचे. त्यानंतर प्रत्येक तक्त्यात नावे आपोआप येतात. ९ किंवा ९९ म्हणजे उत्तर नाही, हे सांगायलाही वेगळी आज्ञा आहे, म्हणजे ती म्हातारी माणसे सरासरीत येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, ही नावे डेटाच्या त्याच फाइलमध्ये साठवली जातात. फाइल दुसऱ्या विद्यापीठात पाठवली, तर नावेही सोबत जातात. हॉलरिथच्या फळीवरून सुटलेले नाव ७८ वर्षांनी कार्डाजवळ परत आले, असे म्हणायला हरकत नाही.

सॅस या दुसऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. तिथे नावांचा संच, ज्याला ‘फॉरमॅट’ म्हणतात, डेटापासून अलग ठेवतात. त्याचा फायदा असा की एकच संच शंभर फाइलींना लावता येतो, आणि ० ते १४ वयाला ‘बालक’ असे एकच नाव देऊन मूळ डेटाला हात न लावता गट पाडता येतात. तोटा मात्र ज्याने सॅसवर काम केले आहे त्याला सांगायला नको : कोणी तरी डेटा पाठवतो आणि फॉरमॅटचा संच पाठवायला विसरतो. फाइल उघडताना तक्रार येते की फॉरमॅट सापडत नाही. ५० वर्षांपूर्वीचीच दोन कपाटे, फक्त आता ती संगणकात आहेत.

नाव जवळ ठेवावे की अलग? या प्रश्नाचा निकाल आजही लागलेला नाही. जवळ ठेवले तर हरवत नाही. अलग ठेवले तर एका जागी दुरुस्त करता येते. पुढचे जवळजवळ सगळे सॉफ्टवेअर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभे आहे.

डेटाबेस, गोदाम आणि डॅशबोर्ड

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित डेटाबेसची कल्पना मांडली. त्यातून निघालेला व्यवहारातला नियम सोपा आहे : एक गोष्ट एकाच जागी लिहावी. विक्रीच्या लाखो ओळींत ‘महाराष्ट्र’ लाखो वेळा लिहू नये. तिथे २७ लिहावे, आणि राज्यांच्या वेगळ्या तक्त्यात २७ पुढे ‘महाराष्ट्र’ एकदाच लिहावे. दोन्ही तक्ते त्या आकड्याने जोडले की नाव मिळते. सॅसची वाट आणि ही वाट मुळात एकच.

तरी प्रत्यक्ष कचेऱ्यांत काय झाले? राज्यांचा तक्ता निदान असे. ‘देयक प्रकार’ किंवा ‘ऑर्डरची स्थिती’ अशा लहानसहान संकेतांसाठी वेगळा तक्ता करण्याचा कंटाळा केला जाई. अहवाल लिहिणारा मग प्रश्नाच्या भाषेतच लिहून टाकी : १ असेल तर ‘प्रलंबित’, २ असेल तर ‘मंजूर’, नाहीतर ‘रद्द’. ओरॅकलमध्ये त्यासाठी ‘डीकोड’ होते, १९९२ च्या प्रमाण एसक्यूएलमध्ये ‘केस’ आले, आजच्या पॉवर बीआयमध्ये ‘स्विच’ आहे. हे लिहायला एक मिनिट लागते आणि त्याचे दुष्परिणाम वर्षानुवर्षे टिकतात. चाळीस अहवालांत चाळीस वेळा तेच लिहिलेले. एके दिवशी ३ हा नवा संकेत ‘पुनर्विचारासाठी परत’ म्हणून सुरू होतो. अहवालांना तो ठाऊक नाही, म्हणून ते त्याला ‘नाहीतर’ मध्ये ढकलतात आणि परत पाठवलेले अर्ज रद्द झालेले दिसतात. कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही. अशा ठिकाणी ‘नाहीतर’ च्या पुढे ‘अनोळखी संकेत’ असे लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

बिझनेस इंटेलिजन्स हा शब्दप्रयोगही असाच नाव तेच, अर्थ वेगळा असा आहे. १९५८ मध्ये आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी तो वापरला तेव्हा त्यांच्या मनात कागदपत्रांचा आशय यंत्राने ओळखून ती योग्य माणसाकडे पोहोचवण्याची व्यवस्था होती, आलेख नव्हते. आजचा अर्थ रुळला तो १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेस्नर यांच्यामुळे. त्याच्या आदल्या वर्षी बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी आयबीएमच्या नियतकालिकात डेटा-गोदामाचा आराखडा मांडला होता.

१९९० मध्ये फ्रान्समध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्स ही कंपनी सुरू झाली. डेटाबेस आणि वापरणारा यांच्या मध्ये तिने ‘युनिव्हर्स’ नावाचा एक थर घातला. रकान्यांची विचित्र संक्षिप्त नावे त्या थराखाली राहत, आणि वरच्या माणसाला ‘ग्राहक’, ‘विभाग’, ‘महसूल’ असे कामकाजातले शब्द दिसत. सोपे वाटणारे हे पाऊल महत्त्वाचे आहे, कारण नावांचा ताबा आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून तो थर रचणाऱ्याकडे गेला.

राल्फ किंबॉल यांच्या १९९६ मधील ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ या पुस्तकाने गोदामातील तक्त्यांची दोन कुळे प्रचलित केली. एकात मोजमापे : किती नग, किती रुपये. दुसऱ्यात वर्णने : कोणता ग्राहक, कोणते राज्य, कोणती तारीख. संकेतांचे पूर्ण शब्दांतले अर्थ वर्णनाच्या तक्त्यात स्पष्ट लिहून ठेवावेत, अहवाल वाचणाऱ्यावर उलगडा करण्याचे काम टाकू नये, हा किंबॉल यांचा आग्रह. जागेची काटकसर शिकलेल्या पिढीला हे उधळपट्टीसारखे वाटले. पण मोजमापांच्या ओळी कोटींत असतात आणि वर्णनांच्या त्यामानाने थोड्या, त्यामुळे शब्द लिहिल्याने फारशी जागा जात नाही. ८० घरांच्या कार्डाचे दिवस संपले होते. सवय तेवढी उरली होती.

जर्मनीतल्या सॅपने बहुभाषिक कंपन्यांसाठी एक बाब फार नीट केली. तिथे देशांचा किंवा साहित्याचा मूळ तक्ता वेगळा आणि नावांचा तक्ता वेगळा असतो, आणि नावांच्या तक्त्यात भाषेचा एक रकाना असतो. एकाच संकेताला जर्मन, इंग्रजी, जपानी अशी कितीही नावे देता येतात. वापरणारा ज्या भाषेत दाखल होतो ती त्याला दिसतात. अहवालात आकडा दाखवायचा, नाव दाखवायचे की दोन्ही, हेही निवडता येते. वेलणकरांनी पिनकोडने जो प्रश्न सोडवला त्याचीच ही दुसरी बाजू : आकडा सर्वांचा, नाव ज्याचे त्याच्या भाषेत. भारतीय भाषांत डॅशबोर्ड करू पाहणाऱ्याने नावे आलेखावर थेट टंकू नयेत. आधी भाषेचा रकाना असलेला तक्ता करावा.

आजच्या टॅब्लोमध्ये ‘एलियास’ देऊन नाव बदलता येते. त्याने मूळ डेटाला धक्का लागत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने ते नाव त्या कामापुरतेच राहते. पॉवर बीआयमध्ये वेगळा तक्ता जोडणे हीच चांगली रीत. तिथे दोन ठेचा नवशिक्याला हमखास लागतात. एक म्हणजे शून्य : एका तक्त्यात मजकूर म्हणून ०७ आणि दुसऱ्यात संख्या म्हणून ७ असेल तर जोडणी फसते आणि दिल्लीची विक्री बिननावाची होते. दुसरी म्हणजे क्रम : इंग्रजी महिन्यांची नावे लावली की वर्णानुक्रमाने एप्रिलनंतर ऑगस्ट आणि मग डिसेंबर येतो. तेव्हा नाव दाखवायचे, पण क्रम आकड्याने लावायचा, अशी सोय करावी लागते. नाव आले म्हणून आकड्याला रजा देता येत नाही.

तेवीसचा प्रवास

आतापर्यंत आपण असे धरून चाललो की एका आकड्याचे नाव एकच असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे धरून चालू नये.

भारतातील उद्योगांना संकेतांक देणारे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण आहे. त्याच्या १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८ अशा आवृत्त्या निघाल्या. उद्योग बदलतात, आंतरराष्ट्रीय वर्गीकरण बदलते, म्हणून नवी आवृत्ती काढावी लागते. त्यात गैर काही नाही. आता २३ हा दोन अंकी संकेत घ्या. १९७० आणि १९८७ च्या आवृत्त्यांत २३ म्हणजे सुती कापड. १९९८ आणि २००४ मध्ये २३ म्हणजे कोक, शुद्ध केलेली खनिज तेल उत्पादने आणि अणुइंधन. २००८ मध्ये २३ म्हणजे काच, सिमेंट, विटा, चिनी माती असे अधातू खनिज पदार्थ.

कोणी विद्यार्थी मुंबईच्या उद्योगांचा ४० वर्षांचा आलेख काढायला बसला, असे समजू. सर्व वर्षांच्या फाइली त्याने एकाखाली एक जोडल्या आणि २३ या संकेताला हाताशी असलेल्या एकाच सूचीतून एक नाव दिले. आलेखाच्या सुरुवातीला गिरणगाव असेल, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाचा काळ असेल. मध्ये माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचा काळ येईल. शेवटी सिमेंट आणि काच. रेष मात्र सलग. जुनी सूची लावली असेल तर आलेख सांगेल की मुंबईचा सुती कापड उद्योग नव्वदीच्या अखेरीस अचानक सावरला, भांडवलाने गच्च भरला. ज्या उद्योगातून लाखो माणसांचे पोट गेले, तो उद्योग आलेखात टवटवीत दिसेल, कारण त्याची जागा तेलाने घेतली आणि नाव तेच राहिले. १७ या संकेताचेही तसेच : २००४ मध्ये कापड, २००८ मध्ये कागद. इथे कापडाचे नाव कायम ठेवले तर कापड उद्योग एकाएकी आकसलेला दिसतो.

यावर उपाय आहे आणि तो आवृत्त्यांबरोबरच मिळतो. जुन्या संकेतापुढे नवा संकेत देणारे तुलनात्मक तक्ते सरकार प्रसिद्ध करते. पण तो तक्ता शोधायचा म्हणजे आधी शंका यायला हवी, आणि आलेखावर सुबक मराठीत ‘सुती कापड’ असे लिहिलेले असले की शंका येत नाही. उघडा आकडा वाचणाऱ्याला थांबवतो. नाव त्याला पुढे जाऊ देते. म्हणून संशोधनाच्या कामात नावाशेजारी आकडा आणि आवृत्तीचे वर्ष दाखवावे, असे माझे मत आहे, मग तक्ता थोडा कुरूप दिसला तरी चालेल.

किंबॉल यांनी बदलत्या वर्णनांसाठी ज्या रीती क्रमांक देऊन सांगितल्या, त्यांपैकी पहिल्या दोन राज्यांच्या उदाहरणाने चटकन समजतात. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. एका कंपनीची हैदराबादेतील २०१२ सालची विक्री कोणत्या राज्यात दाखवायची? पहिली रीत जुने नाव पुसून नवे लिहिते. मग २०१२ ची विक्रीही तेलंगणाची होते. दुसरी रीत जुनी ओळ तारखेसह जपते आणि नवी ओळ जोडते. मग २०१२ ची विक्री आंध्र प्रदेशाची आणि २०१५ ची तेलंगणाची. आजच्या विभागीय व्यवस्थापकाला पहिली सोयीची वाटेल. इतिहासकाराने पहिलीच्या वाटेला जाऊ नये, कारण पुसलेले परत मिळत नाही, आणि दुसरीतून पहिली केव्हाही काढता येते.

राज्यांच्या संकेतांत हा इतिहास नुसत्या क्रमावरूनही वाचता येतो. जनगणनेचा क्रम उत्तरेकडे जम्मू-काश्मीरच्या ०१ पासून सुरू होऊन ३५ या अंदमानपर्यंत येतो. तेलंगणाला ३६ मिळाला, म्हणजे भूगोलाचा धागा तुटला. जीएसटीत उरलेल्या आंध्र प्रदेशाला ३७ आणि लडाखला ३८ मिळाला. २८ हा अविभाजित आंध्राचा आकडा मागे राहिला. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली एक झाले आणि २६ हा संकेत दोघांचा झाला. २५ वापरातून गेला, पण त्याआधीच्या बिलांवर तो आहेच. तक्त्यातून २५ ची ओळ ‘आता नको’ म्हणून काढणारा माणूस त्या सर्व बिलांना बिननावाचे करून टाकतो. वापर संपला तरी नाव ठेवावे लागते.

याउलट उत्तरांचलचे २००७ मध्ये उत्तराखंड झाले आणि २०११ मध्ये ओरिसाचे ओडिशा. जनगणनेचे ०५ आणि २१ हे आकडे हलले नाहीत. वाहनांच्या पाट्यांवरील अक्षरे मात्र बदलावी लागली : यूए चे यूके, ओआर चे ओडी. अक्षरांच्या संकेतात नाव अर्धे मुरलेले असते, म्हणून नावाबरोबर तेही म्हातारे होतात.

तीन म्हणजे कोण?

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या प्रश्नाला प्रथमच तीन संकेत दिले गेले : पुरुष १, स्त्री २, इतर ३. उत्तर देणाऱ्याला १ किंवा २ यांपैकी काहीच नोंदवायचे नसेल तर प्रगणकाने ३ लिहायचे होते. देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींपुढे ३ लागला.

हा आकडा वर्तमानपत्रांत, भाषणांत, प्रबंधांत आणि डॅशबोर्डांवर ‘भारतातील ट्रान्सजेंडर व्यक्तींची संख्या’ म्हणून फिरतो. जनगणना कार्यालयाने मात्र स्पष्ट सांगितले आहे की ट्रान्सजेंडर व्यक्तींची स्वतंत्र माहिती गोळा केलेलीच नाही. ‘इतर’ मध्ये त्या असतील, आणि ज्यांना दुसऱ्या कोणत्याही कारणाने हेच उत्तर द्यायचे होते त्याही असतील. उलट बाजूही विसरता येत नाही. ज्या ट्रान्सजेंडर व्यक्तीने स्वतःला स्त्री म्हणून नोंदवले ती २ मध्ये आहे. घरातील कर्त्या माणसाने प्रगणकाला परस्पर ‘मुलगा’ सांगितले असेल तर ती १ मध्ये आहे. ३ च्या पुढे ‘ट्रान्सजेंडर’ लिहिणारा माणूस शब्दाला शब्द ठेवत नाही, तो एक दावा करतो : की त्याने मोजणी केली आहे. आणि त्या दाव्यावर पुढे योजनांचे लाभार्थी, वसतिगृहांच्या जागा, निधी यांचे हिशेब बांधले जातात.

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ‘इतर’ काय आणि ‘ट्रान्सजेंडर’ काय, ३ पुढची अक्षरेच आहेत. दोन्ही तितक्याच सहज टंकता येतात. सूची कोणी लिहिली आणि प्रश्न प्रत्यक्षात काय विचारला गेला होता, हे मूळ पत्रिकेत पाहावे लागते. ‘इतर’ हा शब्द आलेखावर कोरडा आणि थोडा अपमानकारक वाटतो, हे मान्य आहे. तो बदलण्याची इच्छा चांगल्या मनातूनच येते. पण न मोजलेल्या माणसांना मोजलेले दाखवणे हा त्यांच्यावर उपकार नव्हे.

हे पडताळून पाहण्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फाइली. त्यांतील जुन्या फेऱ्यांचा घटक-पातळीवरील डेटा साध्या मजकुराच्या स्वरूपात मिळतो. फाइल उघडली की एका ओळीत सलग अंकच अंक दिसतात; मध्ये स्वल्पविराम नाही, वर शीर्षक नाही. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत कोणता रकाना, हे सांगणारी मांडणीची सूची वेगळ्या फाइलीत असते आणि आकड्यांचे अर्थ प्रश्नपत्रिकेत. पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्यांनी अशी एक फेरी निवडावी, फक्त पहिल्या दहा ओळी घ्याव्यात आणि कागद-पेन्सिलीने प्रत्येक आकड्यापुढे त्याचे नाव लिहावे. राज्याचा रकाना सापडला की तो कोणत्या वर्षाच्या यादीतला आहे ते आधी पाहावे.